हाडाचं सेंटरिंग

मी भोकरचा, पोटापाण्यासाठी कोड लिहितो. आजचा विषय मात्र आमच्या घरातून आलाय. चुलतभाऊ गाडीवरून पडला, नडगीचं हाड फुटलं, मधला तुकडाच गेला. डॉक्टर म्हणाले, पोकळी भरावी लागेल; थोडं कमरेचं हाड, थोडं कृत्रिम. काकूंनी लगेच विचारलं, "नकली हाड? अंगाला मानवंल का रे ते?"

प्रश्न एकदम बरोबर होता. ऐका.

हाडात साधारण दोन तृतीयांश वजन खनिजाचं असतं, कॅल्शियम आणि फॉस्फेटचं. त्याचं नाव हायड्रॉक्सिअपॅटाइट. बाकी मुख्यतः कोलॅजन नावाचं प्रथिन आणि पाणी. हेच खनिज लॅबमध्ये बनतं, म्हणून शरीराला ते सहसा परकं वाटत नाही.

पण खरी गंमत छिद्रांत आहे. स्लॅब टाकताना आपण सेंटरिंग लावतो ना? तसंच हे. छिद्रांतून रक्तवाहिन्या आणि पेशी आत शिरतात आणि नवं हाड बांधतात. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट हळूहळू विरघळतं, म्हणजे सेंटरिंग आपोआप निघतं. हायड्रॉक्सिअपॅटाइट वर्षानुवर्षं राहतं.

मग कमरेचं हाड का घेतात? त्यात जिवंत पेशी असतात, म्हणून आजही तेच सरस. पण दुसरी जखम होते, आणि साठा मर्यादित.

आपल्याकडंही काम चाललंय. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अनुया निसळ यांनी रेशमातल्या प्रथिनापासून हाडाची पोकळी भरणारं सच्छिद्र साहित्य तयार केलं. त्यातून सेरिजेन ही कंपनी निघाली. ज्या रेशमाची पैठणी होते, ज्याचे कोष मराठवाड्यातले शेतकरी जालन्याच्या बाजारात विकतात, तेच रेशीम!

आता महत्त्वाचं. हे दाणे तुमचं वजन पेलत नाहीत. हाड भरेपर्यंत भार रॉड किंवा प्लेटवर असतो. "नवीन हाड बसवलं" म्हणून लगेच पाय टेकला की खेळ खल्लास. जखमेत पू असेल तर आधी तो जायला हवा. आणि तंबाखू बंद! निकोटिननं रक्तपुरवठा कमी होतो, हाड जुळायला उशीर लागतो.

म्हणून ऑपरेशनआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: भरणार ते विरघळणारं की राहणारं? इन्फेक्शन पूर्ण गेलंय का? पाय कधी टेकायचा? खर्च कितीही करा, हाड शेवटी आपलं शरीरच बांधतं. त्याला तेवढा वेळ द्या.

घरात कुणाला प्लास्टर असेल तर हा भाग त्यांना पाठवा. भेटू पुढच्या भागात!