अर्ज गेला; पुढें काय?

सरकारी जागेसाठीं अर्ज करतांना आपल्याकडील सुशिक्षित घरांत जी दक्षता दिसते, ती अर्ज रवाना होतांच कोठें नाहींशी होते, याचें मला नेहमीं नवल वाटतें. जाहिरात तीनतीनदां वाचली जाते, दाखले गोळा होतात, छायाचित्र मनासारखें येईपर्यंत पुन्हापुन्हा काढलें जातें. आणि मग घरांतील मंडळी असें धरून चालतात कीं, आतां मार्ग दोनच. एक, देवावर हवाला ठेवून स्वस्थ बसणें. दुसरा, मंत्रालयांत कोणी ओळखीचें निघतें कां, तें नात्यागोत्यांत शोधणें. या दोहोंच्या मधून एक सरळ वाट जाते, ती चौकशीची. तिच्याविषयींच आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

वशिला आणि चौकशी यांतील भेद कांहीं फार सूक्ष्म नाहीं. वशिला लावणारा म्हणतो, ‘निकाल बदला’. चौकशी करणारा विचारतो, ‘कागद कोठें आहे?’ पहिल्या गोष्टीबद्दल उमेदवारास अपात्र ठरविण्याची तंबी भरतीच्या सूचनांतच दिलेली असते. त्या तंबीच्या धाकानें भिडस्त तरुण दुसरी गोष्टहि करीत नाहींत. ‘उगाच नांव डोळ्यांवर यायचें’, असें घरांतलें वडील माणूसच त्यांना सांगतें. माझ्या मतें ही भीति निराधार आहे. कचेरींत नांव डोळ्यांवर येतें तें दिवसांतून दहा वेळां फोन करणाराचें. एक मुद्देसूद पत्र धाडणाराचें नव्हे.

मात्र विचारावयाचें कोणाला, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचेंच उदाहरण घ्या. परीक्षा व मुलाखती घेऊन योग्य उमेदवारांची शिफारस करणें, एवढें आयोगाचें काम. नेमणुकीचा हुकूम काढतो तो शासनाचा संबंधित विभाग. आणि त्यापूर्वीं कागदपत्रांची व चारित्र्याची पडताळणी, वैद्यकीय तपासणी इत्यादि गोष्टी व्हावयाच्या असतात. शिफारस होऊन गेल्यावरहि आयोगाकडेच पत्रांमागून पत्रें धाडणारा उमेदवार गाडी सुटून गेलेल्या फलाटावर उभा असतो.

आतां पत्राविषयीं. घरची हलाखी, वडिलांचें आजारपण, धाकट्या भावंडांचें शिक्षण यांनीं भरलेलें तीन पानी पत्र कारकुनाच्या हातीं पडतें आणि त्यांत जाहिरातीचा क्रमांकच नसतो! कारकून निर्दय असतो म्हणून नव्हे, तर कोणती नस्ती काढावी हें त्याला कळत नाहीं म्हणून तें पत्र बाजूला पडतें. पत्र इतकेंच असावें: ‘महोदय, अमुक क्रमांकाच्या जाहिरातीस अनुसरून अमुक पदासाठीं मीं अर्ज केला असून माझा नोंदणी क्रमांक अमुक आहे. कागदपत्रांची पडताळणी अमुक तारखेस झाली. तदनंतर कांहीं कळविण्यांत आलेलें नाहीं. माझ्या बाजूनें एखादा कागद अपुरा असल्यास कृपया कळवावें. नसल्यास प्रकरण सध्यां कोणत्या टप्प्यावर आहे, तें कळविण्याची विनंति आहे.’ झालें. यांतील ‘अपुरा असल्यास’ हे शब्द मोलाचे आहेत. त्यांनीं तक्रारीचा सूर निघून जातो. शिवाय एखादें प्रमाणपत्र मुदतीबाहेर गेलेलें असणें ही कांहीं दुर्मिळ गोष्ट नव्हे.

पत्र स्वतः नेल्यास बारनिशींत द्यावें आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्यावांचून जिना उतरूं नये. पुढच्या स्मरणपत्रांत हाच क्रमांक लिहावयाचा असतो. शासकीय कामांतील विलंबास प्रतिबंध करणारा एक कायदा महाराष्ट्रांत आहे, २००५ सालचा. त्याप्रमाणें कोणतीहि नस्ती सामान्यतः एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या ७ दिवसांहून अधिक पडून राहतां कामा नये. हा नियम सर्वत्र पाळला जातो, असें म्हणण्याचें धाडस मी करणार नाहीं. परंतु महिनाभर वाट पाहून दुसरें पत्र लिहिणारास कोणी उतावळा म्हणूं नये, इतका आधार त्यांत खास आहे.

दोन पत्रांस उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस; उत्तर न आल्यास पुढील ३० दिवसांत वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलें अपील, आणि तेंहि निष्फळ ठरल्यास ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरें. पण ‘माझी नेमणूक कां केली नाहीं?’ असें त्यांत विचारूं नये. हा कायदा दप्तरीं असलेली माहिती देववितो, कारणें रचून देववीत नाहीं. ‘माझ्या प्रकरणावरील टिपणीची प्रत मिळावी’, ‘या जाहिरातींतील किती पदें भरलीं व किती रिक्त आहेत?’ असें विचारावें.

इतकी खटपट कशाला, असें कोणी म्हणेल. निवडयादींत नांव आल्यानें नेमणुकीचा अबाधित हक्क उत्पन्न होत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें १९९१ सालीं सांगितलें आहे. जागा मनमानीनें रिकाम्या ठेवण्याची मुभा सरकारला नाहीं, हेंहि त्याच निकालांत आहे. पण मनमानी दाखवून द्यावयाची तर हातीं कागद हवेत. शिवाय प्रतीक्षायादीला मुदत असते आणि माणसाला वय असतें. राज्य शासनाच्या पुष्कळशा पदांसाठीं खुल्या वर्गाची वयोमर्यादा ३८ वर्षें आहे. पस्तिसाव्या वर्षीं निवड झालेला उमेदवार ‘होईल कधींतरी’ म्हणून तीन वर्षें बसून राहिला, तर नव्या जाहिरातीचें दार त्याला मिटलेलें आढळेल.

आणि हुकूम निघाल्याची तोंडी बातमी कळली म्हणून हातची नोकरी सोडूं नये. लेखी हुकूम आल्यावर त्यांतील हजर होण्याची तारीख प्रथम पाहावी. ती पाळणें अशक्य असल्यास मुदतवाढीचा अर्ज त्या तारखेच्या आंत, कारण नमूद करून, त्याच बारनिशींत द्यावा.