रात्री बाराला कसलं गं काम?

मी मुरबाडची. ऐरोलीत एका कंपनीत सायबर सुरक्षेचं काम करते. रात्रपाळीला निघाले की कोणी ना कोणी विचारतंच, "रात्री बाराला कसलं गं काम?" आज त्याचंच उत्तर देते.

बचत गटाचं रजिस्टर आठवा. कोण आलं, किती भरले, सही कोणाची. हिशेब जुळेना की आपण तेच उघडतो. कॉम्प्युटरही असं रजिस्टर आपोआप लिहितो, त्याला लॉग म्हणतात. आत कोण आलं, किती वाजता, पासवर्ड किती वेळा चुकला. नोंदी लाखांनी पडतात. त्या गोळा करून संशयास्पद दिसलं की घंटा वाजवणारी साधनं असतात. ती घंटा खरी की उगाच, हे मी बघते.

आणि रात्रीच का? पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं ऐका. ११ ऑगस्ट २०१८, दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. चोरांनी एटीएमच्या व्यवहारांना परस्पर होकार देणारी बनावट यंत्रणा घुसवली होती. २८ देशांतून पैसे निघाले, सोमवारी आणखी हाँगकाँगला गेले. एकूण सुमारे ९४ कोटी! चोर आपली सुट्टी बघूनच येतो.

२०२२ मध्ये केंद्र सरकारच्या सर्ट-इनने आदेश काढला: लॉग १८० दिवस जपायचे, हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं. म्हणजे लॉग वाचणारं माणूस हवंच.

शिकताना मी आधी फसले. "हमखास नोकरी" म्हणणाऱ्या एका क्लासला चाळीस हजार भरले, तेही आईने गटातून उचललेले. हाती आलं नुसतं सर्टिफिकेट. मग घरीच बसले. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर असतोच. मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकायचा आणि नोंद शोधायची. चुकला तर ४६२५, बरोबर आला तर ४६२४. पुढे वाझू नावाचं साधन टाकलं. ते फुकट आहे, पण ८ जीबी रॅम लागते. जे दिसेल ते वहीत लिहीत गेले. इंग्रजी वाचता यायला हवं. फाडफाड बोलणं मलाही अजून जमत नाही.

मुलाखतीत विचारलं, "रात्री तीनला एका खात्यावर दोनशे चुकीचे पासवर्ड, मग एक बरोबर. काय कराल?" हे मी माझ्या लॅपटॉपवर स्वतः घडवून पाहिलं होतं. म्हटलं, खातं बंद करीन आणि साहेबांना झोपेतून उठवीन. घेतलं मला.

आयांनो, एक लक्षात ठेवा. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीनेच कामावर ठेवता येतं, आणि घराच्या दारापर्यंत गाडी मालकाने द्यायची असते. मुलगी रुजू होतानाच हे विचारून, लिहून घ्या. मुरबाडपर्यंत गाडी म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात, म्हणून मी रात्रपाळीच्या आठवड्यात कल्याणला तिघी मैत्रिणींसोबत राहते.

गटाच्या कर्जाचे दोन हप्ते राहिलेत. ते मी भरणार, आईला सांगून ठेवलंय.