यानाचा तांडेल



मराठी शिकवणाऱ्या माणसाने अंतराळयानावर बोलावे याचे तुमच्याइतकेच मलाही नवल वाटते. पण मंगळयानावरच्या एका उताऱ्यात ‘स्वयंचलित’ आणि ‘स्वायत्त’ असे दोन्ही शब्द आले आणि एका विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, दोन्ही एकच ना?’ मी हो म्हणून मोकळा झालो. ते चुकलेच.

२४ सप्टेंबर २०१४ची सकाळ आठवा. मंगळाभोवतीच्या कक्षेत शिरायचे तर यानाचा वेग कमी करणे भाग होते. पृथ्वीवरून संदेश पोचायला बारा मिनिटांहून अधिक वेळ लागत होता. त्यात इंजिन चालू असतानाच यान मंगळाआड जाणार होते. म्हणून इस्रोने सगळ्या आज्ञा काही दिवस आधीच यानाच्या संगणकात भरल्या. ७ वाजून १७ मिनिटांनी इंजिन पेटले. इथवर सारे स्वयंचलित; गजराचे घड्याळही एवढे करते.

पण बंद कधी करायचे? इंजिनाचा जोर हिशेबाइतकाच पडेल याची हमी कोण देणार? यानावरचा त्वरणमापक वेग किती घटला ते मोजत राहिला आणि सेकंदाला सुमारे १,०९९ मीटर एवढी घट भरताच इंजिन थांबले. अंदाज २४ मिनिटांचा होता, लागली २३. किती घट हवी ते माणसाने ठरवले. ती केव्हा झाली हे यानाने. हे स्वायत्त.

मोरजीच्या माणसाला हे कळायला संस्कृत लागत नाही. शापोराच्या मुखाशी वाळू जागा बदलत असते. होडी कुठे न्यायची ते मालक सांगेल, पण लाटेवर सुकाणू किती वळवायचे हे तांडेल किनाऱ्याला विचारत बसत नाही. (इथे अंडी घालायला येणारी कासवेही पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या आधाराने वाट काढतात; पण त्यांना कुणी आज्ञा देऊन धाडलेले नसते, म्हणून मला तांडेलच बरा वाटतो.)

पुढच्या तासाला हे सांगितले, तर तिचा प्रश्न तयार: ‘मग २०१९ला चंद्रयान-२च्या लँडरचा तांडेल चुकला?’ या वेळी उत्तर शोधून मगच दिले. इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा जास्त पडला, चुका साचत गेल्या, आणि यानाने किती झपाट्याने वळावे यावर मर्यादा होती. उतरायची जागाही जेमतेम अर्धा किलोमीटर लांब-रुंद. चंद्रयान-३साठी ती चार किलोमीटर लांब आणि अडीच किलोमीटरच्या आसपास रुंद केली. २३ ऑगस्ट २०२३ला ते उतरले.

‘म्हणजे तांडेलाला पाणी कमी दिलं होतं,’ ती म्हणाली.