इमान कोणाचे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी ‘यंदा तुम्ही काहीतरी बोला’ म्हणून सांगितले, तेव्हा मी त्यांना सरळ नाही म्हटले. या मंडळात मी आजवर सतरंज्या अंथरल्या, हळदीकुंकवाच्या वाट्या मोजल्या. पण बोलायला कधी उभी राहिले नाही. त्यावर त्या म्हणाल्या, ‘‘अहो, रोज सकाळी कुत्र्याशी गल्लीभर बोलत जाता, मग आमच्याशी बोलायला काय झालं?’’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. तेव्हा ज्याच्याशी बोलते, त्याच्याविषयीच आज चार शब्द सांगते.

आमचा मोती 2014 च्या श्रावणात घरी आला. आला म्हणजे माझ्या मुलाने त्याला रेनकोटात गुंडाळून आणला. जात गावठी, रंग तांबूस, एक कान उभा आणि एक पडलेला. मला कुत्र्यांची मुळीच आवड नव्हती. सासूबाईंनी तर निक्षून सांगितले, ‘‘या घरात एक तो राहील, नाहीतर माझे देव.’’ शेवटी दोघेही राहिले. मोतीने देवघराचा उंबरठा कधी ओलांडला नाही. सासूबाई जपाला बसल्या की हा उंबरठ्याच्या अलीकडे पाय पसरून पडे; आणि माळ डबीत पडल्याचा आवाज झाला की टुणकन उठून बसे, कारण त्यानंतर नैवेद्याच्या दुधातला घोटभर वाटा त्याचा असे. ‘‘दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतातच की!’’ असे शास्त्र मग सासूबाईंनीच काढले.

कुत्रा घरात आला की घराला एक घड्याळ लागते. पाऊस असो, पाहुणे असोत, अंगात कणकण असो, सहा वाजता दारापाशी जाऊन तो आपल्याकडे बघत उभा राहतो. त्या निमित्ताने मीही रोज चालू लागले. आमच्याच गल्लीत कोणाच्या अंगणात बकुळ आहे, कोणत्या घरी आजारपण आहे, हे मला इतक्या वर्षांनी प्रथम कळले. मी त्याच्यावर ओरडले तर पाच मिनिटांत तो ते विसरून जाई. मी मात्र जावेचे सात वर्षांपूर्वीचे बोलणे मनात धरून बसलेली! हे सगळे त्याने शिकवले खरे. पण भगिनींनो, त्याने मला जो मोठा धडा दिला, तो असा गोड नव्हता. तोच आज सांगायचा आहे.

2019 च्या दिवाळीतली गोष्ट. फटाक्यांचा आवाज आपल्यालाच सहन होत नाही, मग ज्याचे कान आपल्याहून कितीतरी तिखट त्याचे काय होत असेल? मोती दिवसभर पलंगाखाली थरथरत होता. फराळाला माणसे येणार म्हणून मी त्याला ओढून बाहेर काढले आणि व्हरांड्यात साखळीला बांधले. शेजारच्या काकूंचा सात वर्षांचा नातू हातात करंजी घेऊन मोठ्या प्रेमाने त्याच्याकडे गेला. तेवढ्यात कोपऱ्यावर फटाका वाजला आणि मोतीने त्या पोराच्या हाताचा चावा घेतला.

मी हळदीचा डबा घेऊन धावले. काकूंच्या मुलाने माझा हात बाजूला सारला, पोराला मोरीत नेले आणि साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुतली. तेच बरोबर होते, हे मागून डॉक्टरांनी सांगितले. हळद, चुना, तिखट असले काही अशा जखमेला लावू नये. दवाखान्यात पहिला प्रश्न आला, ‘‘कुत्र्याला लस टोचलेली आहे का?’’ मी मोठ्या विश्वासाने पिशवीतून कार्ड काढून दिले. त्यावर जून 2018 ची नोंद होती. जून 2019 चा रकाना कोरा होता. त्या उन्हाळ्यात भाचीचे लग्न निघाले, मग पाऊस, मग गणपती, आणि ते राहूनच गेले.

आमच्या लहानपणी पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत. ती पद्धत आता बंद झाली आहे. डॉक्टरांनी मुलाला जखमेत एक औषध टोचले आणि दंडात लस दिली. पुढे तिसरा, सातवा, चौदावा आणि अठ्ठाविसावा दिवस असे वेळापत्रक हाती दिले. 6 जुलै 1885 रोजी लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचली आणि तो वाचला. तेव्हापासून आजवर किती आयांची मुले त्या शोधाने वाचली असतील! पण रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली म्हणजे माणूस बहुधा हाती लागत नाही. म्हणून लस लगेच घ्यावी लागते, कुत्र्याचे काय होते याची वाट बघत बसून चालत नाही.

त्याबरोबर डॉक्टरांनी असेही सांगितले की, कुत्र्याला दहा दिवस नजरेखाली ठेवा. चावला तेव्हा त्याच्या लाळेत रोग असेल, तर या मुदतीत तो आजारी पडून मरतो. दहा दिवसांनी धडधाकट राहिला, तर त्या चाव्यापासून भय नाही.

घरी परतताना काकू मला एवढेच म्हणाल्या, ‘‘दोष त्या मुक्या जिवाचा नाही. त्याला बोलता येत नाही. तुला येतं ना? लस चुकली आहे, तो घाबरलेला आहे, जवळ जाऊ नका, एवढं सांगायला काय झालं होतं?’’

त्यानंतर आमचे बोलणे बंद झाले. एक प्रश्न मात्र राहिला. रोज सकाळी काकू आपल्या गॅलरीत येत आणि माझ्याकडे न पाहता विचारीत, ‘‘खाल्लं का त्याने?’’ मी म्हणे, ‘‘खाल्लं.’’ ‘‘पाणी?’’ ‘‘प्यायला.’’ की त्या आत जात. चौथ्या दिवशी मोतीने भाकरीला तोंड लावले नाही. मी ते सांगितले तेव्हा काकू कठड्याला धरून तशाच उभ्या राहिल्या. मीही उभी राहिले. दुपारी त्याने ती भाकरी खाल्ली, तेव्हा मी धावत जाऊन त्यांचे दार वाजवले. अकराव्या दिवशी मोती नेहमीसारखा दारात उभा होता. त्या दिवशी काकूंनी काही विचारले नाही. पोराला सोबत घेऊन त्या स्वतःच आमच्या पायरीवर येऊन बसल्या. मी चहा टाकला. दोघींनाही रडू आले, ते मी लपवीत नाही.

भगिनींनो, कुत्रा इमानी असतो हे आपण पहिलीपासून वाचतो. महाभारतातल्या महाप्रस्थानिक पर्वातली गोष्ट तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. स्वर्गाच्या दारी इंद्र म्हणतो, कुत्र्याला आत येता येणार नाही. आणि युधिष्ठिर म्हणतो, मग मीही येत नाही. ही गोष्ट मी पुष्कळदा ऐकली होती. पण त्या दहा दिवसांत ती मला निराळी दिसली. त्या गोष्टीत कसोटी कुत्र्याच्या इमानाची नाही, माणसाच्या इमानाची आहे. कुत्रा तर मागे चालत आलेलाच असतो. त्याला आणणाऱ्याने त्याच्यासाठी काय केले, एवढाच प्रश्न उरतो.

माझे मोतीवर प्रेम नव्हते का? होते. त्याला मी दुधात भाकरी कुस्करून घालीत होते, मांडीवर घेत होते. पण ते लाड होते. लसीची तारीख लक्षात ठेवणे, भ्यालेल्याला दारात न बांधणे, परक्या पोराला ‘आत्ता नको’ म्हणून सांगणे, हे इमान होते, आणि तेच मी चुकले. माणसांच्या बाबतीतही आपले असेच होते, नाही का? सणाला गोडधोड करून घालतो, आणि सासूबाईंच्या डोळ्यांची तपासणी मात्र वर्षभर राहून जाते.

म्हणून ज्यांच्या घरी कुत्रा आहे, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. लसीची तारीख दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहा. त्याला कांदा, चॉकलेट, द्राक्षे, बेदाणे देऊ नका. ती त्याला बाधतात. रस्त्यावर त्याने घाण केली तर उचला. शेजारणीचा राग कुत्र्यावर नसतो, आपल्यावर असतो. दिवाळीत त्याला आतल्या खोलीत, कोणाच्या तरी सोबतीने ठेवा. आणि एवढे होणार नसेल, तर पोरांनी कितीही हट्ट केला तरी पिल्लू घरी आणू नका.

मोती आता म्हातारा झाला आहे. डोळ्यांवर सारा आला आहे, जिना चढवत नाही. त्याला पायऱ्या चढवायला पोटाखाली टॉवेल धरून जो मुलगा रोज संध्याकाळी येतो, त्याच्या हातावर दातांच्या दोन खुणा अजून आहेत. त्याच्या आजी इथे दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. हे सगळे सांगू का, म्हणून मी त्यांना काल विचारले. त्या म्हणाल्या, ‘‘सांग. पण तारखेचं विसरू नकोस.’’

विसरले नाही, काकू. यंदाचा रकाना भरला आहे.