औंधच्या डोंगरावरचं संग्रहालय
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



माजी विद्यार्थी निधीचं काय करायचं, हे आज दुपारी ठरायचं आहे. नव्या संगणक कक्षाचा प्रस्ताव आहे. मी इतकी वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणजे मी त्याच्याच बाजूने बोलणार, असं बहुतेकांनी धरून ठेवलंय. तसं होणार नाही. पण आधी औंधबद्दल बोलते. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेच्या सहलीत ते संग्रहालय पाहिलंय, आणि लक्षात राहिल्या त्या यमाईच्या पायऱ्या आणि डब्यातल्या दशम्या!

औंध संस्थान केवढं? ७२ गावं, तीही सलग नाहीत. आटपाडी एकीकडे, कुंडल दुसरीकडे, काही तुकडा थेट विजापूरच्या बाजूला. १९०९ साली गादीवर आलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी आपल्याला सूर्यनमस्कारांमुळे माहीत असतात. पण त्यांचा हात चित्रकाराचा होता. रामायणावरची चित्रं त्यांनी स्वतः काढली. ते कीर्तन करायचे, आणि १९३५ च्या इंदूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही होते. वेदांचे अभ्यासक म्हणून प्रसिद्ध असलेले पंडित सातवळेकरही औंधात राहिले, आणि तेही मुळात चित्रकारच.

या राजाने आयुष्यभर जमवलेलं सगळं १९३८ मध्ये यमाईच्या डोंगराच्या उतारावर खास बांधलेल्या इमारतीत मांडलं. राजा रविवर्मा, धुरंधर यांची चित्रं, जुनी लघुचित्रं, हस्तिदंती आणि चंदनी कोरीवकाम. हेन्री मूर यांचं आई आणि मुलाचं दगडी शिल्पसुद्धा तिथे आहे. मूर यांचं काम पाहायला लोक लंडनला जातात. आपल्याकडे ते खटाव तालुक्यात आहे, आणि एसटीने जाता येतं.

हे सगळं पुण्या-मुंबईला ठेवता आलं असतं. तिथे पाहणारे जास्त, कौतुकही जास्त. ते औंधातच राहिलं, ही मला या संग्रहालयाची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. यमाईला नवस फेडायला आलेली बाई डोंगर उतरताना रविवर्म्याच्या चित्रासमोर उभी राहू शकते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, पुढे संग्रहालय सरकारकडे आलं, तरी ते डोंगरावरच आहे.

आता कुणी म्हणेल, चित्रं मोबाइलवरही दिसतात. दिसतात, पण बोटाएवढी. मोठ्या तैलचित्रासमोर सातवीतला मुलगा उभा राहतो, तेव्हा चित्र त्याच्यापेक्षा मोठं असतं. जवळ गेला की रंगाचे थर दिसतात, मागे सरकला की तेच थर कापड होतात, दागिना होतात. हे पडद्यावर होत नाही, आणि पडद्यांवरच माझं पोट चालतं.

इंजिनिअर मंडळींसाठी आणखी एक. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकायला जे. जे. मध्ये गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून त्यांना ती सोडावी लागली आणि ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. १९१० मध्ये बेळगावची जागा गेली, तेव्हा त्यांना कारखान्यासाठी कुंडलजवळचा माळ दिला तो याच बाळासाहेबांनी. त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. चित्र काढणारा राजा आणि चित्रकला सुटलेला कारखानदार, दोघांची गाठ पडली ती अशी.

तर माझं मागणं. आपला जुना हस्तकलेचा वर्ग कुलूपबंद आहे. तो उघडू या. एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसलेल्या मुलांची चित्रं भिंतीवर लागू देत. गावातून पाभर, जातं, मोटेचं चाक, जुनी मापं मिळतील. शाळेची पहिली हजेरीपुस्तकं कपाटात वाळवीची वाट पाहत पडली आहेत. संगणक पाच-सहा वर्षांत जुने होतात, ही पुस्तकं आधीच जुनी आहेत, त्यामुळे ती काळजी नाही.

खर्च रंगाचा, काचेच्या कपाटांचा आणि वाळवीच्या औषधाचा. कपाटांचे पैसे मी देते. खरी अडचण पैशांची नाहीच. खोली रोज उघडायला आणि झाडायला माणूस लागतो. तो नसेल तर सहा महिन्यांत पुन्हा कुलूप लागेल. म्हणून चार वाजता बैठकीला येताना, गावात राहणाऱ्यांपैकी किल्ली कोण ठेवणार, एवढं ठरवून या.