नजरेचा निवाडा

महिला खेळाडूंच्या शरीरावरचा संशय प्रेक्षकांच्या कुजबुजीपुरता कधीच नव्हता; तो स्पर्धांच्या नियमांत शिरलेला होता. १९६६ साली बुडापेस्टच्या युरोपीय अॅथलेटिक्स स्पर्धेत धावपटूंना डॉक्टरांपुढे विवस्त्र उभे राहून आपले स्त्रीत्व सिद्ध करावे लागले. १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये गुणसूत्रांची चाचणी आली आणि २०००च्या सिडनी ऑलिंपिकपूर्वी ती सोडून देण्यात आली. पुढे केवळ संशयितांची तपासणी होऊ लागली. संशय मात्र बहुतेकदा दिसण्यावरूनच यायचा: रुंद खांदे, सपाट छाती, भरदार आवाज.

स्त्री आणि पुरुष शरीरांची विभागणी इतकी सरळ नसते, हे स्पेनच्या मारिया होसे मार्टिनेझ-पातिन्यो हिच्या प्रकरणाने दाखवून दिले. १९८५ साली कोबे येथील चाचणीत या अडथळा-धावपटूची गुणसूत्रे एक्स-वाय, म्हणजे सहसा पुरुषांत आढळणारी, निघाली. तिचे शरीर टेस्टोस्टेरॉनला प्रतिसादच देत नव्हते; म्हणजे त्या संप्रेरकाचा तिला लाभ नव्हता. तरीही बातमी फुटली, विक्रम पुसले गेले, शिष्यवृत्ती गेली. १९८८ साली तिला पुन्हा खेळण्याची मुभा मिळाली, पण उमेदीची वर्षे हातची गेली होती.

भारतात २००६ साली तमिळनाडूच्या शांती सौंदरराजनने दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरमध्ये रौप्यपदक मिळवले. वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांच्या या मुलीचे पदक चाचणीनंतर काढून घेण्यात आले आणि तिची खासगी वैद्यकीय बाब देशभर चघळली गेली. २००९ साली बर्लिनच्या जागतिक अॅथलेटिक्स स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेच्या धावपटू कास्टर सेमेन्याची तपासणी सुरू असल्याचे अंतिम शर्यतीपूर्वीच जगजाहीर झाले. तेव्हा ती अवघी १८ वर्षांची होती.

ओडिशाची धावपटू द्युती चंद २०१४ साली ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेतून वगळली गेली. तिने आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे दाद मागितली. नैसर्गिक टेस्टोस्टेरॉनमुळे नेमका किती लाभ होतो याचा पुरेसा पुरावा नाही, असे म्हणत लवादाने जुलै २०१५मध्ये टेस्टोस्टेरॉनच्या पातळीवर मर्यादा घालणारा नियम स्थगित केला. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तिने १०० आणि २०० मीटरमध्ये रौप्यपदके मिळवली. त्याच वर्षी ४०० मीटर ते एक मैल या शर्यतींसाठी तसाच नवा नियम आला. त्याविरुद्धचे सेमेन्याचे अपील लवादाने २०१९ साली फेटाळले. मात्र या लढ्यात तिला न्याय्य सुनावणी मिळाली नाही, असे युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने जुलै २०२५मध्ये ठरवले.

महिलांच्या गटाची सीमा कुठे आखावी, हा प्रश्न खरा आहे आणि त्यावर प्रामाणिक मतभेद आहेत. पण त्याचे उत्तर छायाचित्र पाहून देता येत नाही आणि त्याच्या शोधात कुणाची अब्रू वेशीवर टांगण्याचा अधिकार कुणालाही मिळत नाही.

दीक्षान्त समारंभातून बाहेर पडणाऱ्या पदवीधरांचा या प्रश्नाशी थेट संबंध आहे. पातिन्यो, शांती आणि सेमेन्या या तिघींचीही गुप्तता भंगली आणि त्यामागे शिकलेली माणसे होती. अहवाल डॉक्टरांच्या हाती असतो, बातमी पत्रकारांच्या, नियम प्रशासकांच्या आणि दाद मागण्याचा मार्ग वकिलांच्या. अहवाल खेळाडूच्या संमतीशिवाय बाहेर न जाणे, पुराव्यावाचून बंदी न येणे आणि बंदी आलीच तर खेळाडूचे म्हणणे नीट ऐकले जाणे, एवढे या चौघांनी सांभाळले तर नियम कठोर असला तरी माणुसकी शाबूत राहते. पदवीने येणाऱ्या अधिकाराची ही किमान जबाबदारी आहे.