एका चंद्रोदयाची मालकी

लग्नात, जत्रेत, शाळेच्या स्नेहसंमेलनात फोटो काढणारा माणूस आपल्या चांगल्या ओळखीचा असतो. त्याने फोटो काढावा, आपण पैसे द्यावे, व्यवहार संपला. आता तर घरोघरी मोबाइल आला आहे आणि फोटो काढायला दमडीही पडत नाही. अशा दिवसांत घरातला एखादा मुलगा म्हणाला, "मी नोकरी करणार नाही. माझ्या मनाने फोटो काढीन, त्यांचे प्रिंट विकीन आणि त्यावर पोट भरीन," तर वडीलमाणसे काय म्हणतील ते मी सांगायला नको. हे निव्वळ खूळ आहे, की असे जगता येते? आणि येत असेल, तर त्याला पथ्ये कोणती? हे आज एका माणसाच्या उदाहरणावरून पाहू या.

हा माणूस म्हणजे अमेरिकेतील अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स. जन्म १९०२ सालचा, सॅन फ्रान्सिस्को शहरातला. शाळेत त्याचे मन रमेना, म्हणून वडिलांनी त्याला घरीच शिकवले. त्याला व्हायचे होते पियानोवादक. पण १९१६ साली आईवडिलांबरोबर तो योसेमिटी नावाच्या डोंगरदरीत गेला. हातात एक साधा पेटीसारखा कॅमेरा होता. त्या डोंगरांनी त्याला जे धरले ते जन्मभर सोडले नाही.

१९२७ साली त्याने आपल्या अठरा फोटोंचा एक संच विक्रीला काढला. किंमत ठेवली पन्नास डॉलर. गंमत पाहा, संचाच्या नावात 'फोटोग्राफ' हा शब्दच नव्हता! फोटो म्हटले तर कलेचे शौकीन लोक पैसे मोजणार नाहीत, या भीतीने प्रकाशिकेने 'पार्मेलियन प्रिंट' असे एक भारदस्त, पण अर्थ नसलेले नाव बनवले होते. अ‍ॅडम्सला पुढे या नावाची लाज वाटे. तो संच खपला कसा? अल्बर्ट बेंडर नावाच्या एका विमा व्यावसायिकाने पहिल्या दहा प्रती स्वतः घेतल्या आणि मग आपल्या मित्रांना घ्यायला लावल्या. म्हणजे, श्रोतेहो, पहिले गिऱ्हाईक बाजारात भेटले नाही. ते ओळखीतून, विश्वासातून मिळाले. आपल्याकडेही वेगळे घडत नाही.

मग पुढे सगळे सुरळीत झाले का? मुळीच नाही. त्यानंतर कित्येक वर्षे अ‍ॅडम्सचे घर प्रिंटांच्या विक्रीवर चालले नाही. त्याने योसेमिटीतल्या हॉटेल चालवणाऱ्या कंपनीसाठी जाहिरातींचे फोटो काढले, मासिकांची कामे केली, कोडॅकची कामे केली, पुस्तके लिहिली, शिबिरांत शिकवले. हे पोटाचे काम आणि ते मनाचे काम, अशी दोन खाती त्याने चालवली. पोटाचे काम त्याने कधी हलके मानले नाही आणि मनाचे काम कधी बंद पडू दिले नाही. स्वतंत्र राहणे म्हणजे कुणाचे काम न करणे नव्हे. कोणते काम कुणासाठी केले, याचा हिशेब स्वच्छ असणे म्हणजे स्वतंत्र राहणे.

हा हिशेब किती महत्त्वाचा, ते आता ऐका.

१९४१ साली अमेरिकन सरकारच्या एका खात्याने त्याला राष्ट्रीय उद्यानांचे फोटो काढायला नेमले. रोजावर काम. ज्या दिवसाचा रोज सरकारने द्यायचा, त्या दिवसाचे फोटो सरकारचे. मधले काही दिवस त्याचे स्वतःचे होते. त्या दौऱ्यात न्यू मेक्सिको प्रांतातून संध्याकाळी मोटारीने परतताना त्याला हर्नांडेझ नावाचे खेडे दिसले. पूर्वेला चंद्र वर आलेला, मागे बर्फाचे डोंगर, आणि मावळत्या उन्हात खेड्याच्या दफनभूमीतले पांढरे क्रूस चमकताहेत. त्याने गाडी थांबवली आणि धावपळ करून मोठा कॅमेरा तिकाटण्यावर चढवला. उजेड मोजायचे यंत्र काही सापडेना! पण चंद्राचा उजेड किती असतो, हे त्याला पाठ होते. त्या आकड्यावरून त्याने मनात गणित केले आणि फोटो घेतला. दुसरा घ्यायला गेला, तोवर क्रूसांवरचे ऊन गेले होते.

तो एकच फोटो पुढे जगप्रसिद्ध झाला. पण तो कोणत्या दिवशी काढला, हे अ‍ॅडम्सने टिपून ठेवले नव्हते. वर्षही तो कधी एक सांगे, कधी दुसरे. मग प्रश्न आला, हा चंद्रोदय कुणाच्या मालकीचा? सरकारचा की अ‍ॅडम्सचा? शेवटी खगोलाच्या अभ्यासकांनी फोटोतल्या चंद्राच्या जागेवरून गणित मांडले. १९९१ साली नक्की झाले की तो दिवस १ नोव्हेंबर १९४१ हा होता. आणि त्या दिवसाचा रोज अ‍ॅडम्सने सरकारकडे लावलेला नव्हता! फोटो त्याचाच ठरला. चंद्राने साक्ष दिली म्हणायची. पण दर वेळी साक्षीला चंद्र येत नाही, म्हणून वही ठेवावी.

आपल्या देशातही हा प्रश्न असाच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, कुणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक हा काम सांगणारा असतो. वेगळा करार केला असेल तरच गोष्ट निराळी. नोकरीचे काम म्हणून काढलेला फोटोही सामान्यतः मालकाचा. पण तुम्ही आपल्या खर्चाने, आपल्या मनाने पंढरीच्या वाटेवर जाऊन वारीचा फोटो काढलात, तर तो तुमचा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोवरचा हक्कही छायाचित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. हा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरली जाते. म्हणून कागदावर सही करण्याआधी दोनदा वाचा. प्रिंट विकणे वेगळे आणि हक्क विकणे वेगळे. आंबे विकावेत, झाड विकू नये.

आता प्रिंटविषयी थोडे. कुणी म्हणेल, फोटो काय, बटण दाबले की हव्या तितक्या प्रती निघतात, मग त्याला किंमत कसली? अ‍ॅडम्स मूळचा संगीतातला माणूस. त्याच्या लेखी निगेटिव्ह ही स्वरलिपी होती आणि प्रिंट हे गायन. चीज तीच असते, पण गाणाऱ्याला ती दर वेळी मांडावी लागते. चंद्रोदयाचे तेराशेहून अधिक प्रिंट त्याने अंधाऱ्या खोलीत काढले. कुठे उजेड अडवायचा, कुठे जास्त द्यायचा, हे सगळे हाताने. त्यामुळे प्रिंट वेगवेगळे उतरले, पुढे पुढे आकाश अधिकाधिक काळे होत गेले.

आज हे काम संगणकावर होते, पण कसब तेच लागते. आणि गिऱ्हाईक पैसे मोजते ते टिकाऊपणासाठीही. पूर्वी फोटोतले रसायन नीट धुतले नाही तर तो पिवळा पडे. आज हलकी शाई आणि आम्लयुक्त कागद वापरला तर तेच होते. म्हणून सुती लगद्याचा चांगला कागद घ्यावा, रंगद्रव्याची शाई वापरावी, आणि भिंतीवर थेट ऊन व ओल लागू देऊ नये, असे गिऱ्हाइकाला आपणहून सांगावे. पंचवीसच प्रती काढीन असे म्हटले, तर प्रत्येक प्रतीवर आकडा घालून सही करावी, आणि सव्विसावी काढू नये. मागणी कितीही येवो! तो आकडा म्हणजे दिलेला शब्द असतो.

किंमत ठरवताना कागद, शाई, चौकट, टपाल यांचा खर्च तर धरावाच, पण त्या एका फोटोसाठी केलेल्या फेऱ्या आणि वाया गेलेले दिवसही धरावेत. नवखा माणूस नेमके हेच सोडतो आणि विकूनही तोट्यात राहतो.

अ‍ॅडम्सने १९७५ अखेर नव्या मागण्या घेणे बंद करायचे ठरवले, तेव्हा मागण्यांचा असा पूर आला की ते प्रिंट पुरे करायला त्याला काही वर्षे लागली. म्हणजे पन्नास डॉलरच्या संचापासून तिथवर पोचायला जवळजवळ अर्धे शतक गेले. २००६ साली चंद्रोदयाचा एक प्रिंट लिलावात सहा लाख नऊ हजार सहाशे डॉलरला गेला. पण हा आकडा ऐकून कुणी भुलू नये. अ‍ॅडम्स १९८४ सालीच वारला होता. तो पैसा प्रिंट जपून ठेवणाऱ्याचा. अ‍ॅडम्सचे सुख त्या आकड्यात नव्हते. आपल्याला हवे ते काम हयातभर करता आले आणि ते आपल्या नावावर राहिले, ही त्याची कमाई.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या वर्गात एखादा मुलगा किंवा मुलगी अशी असेल की जिला ढगांचा, गुरांच्या पाठीवरच्या उन्हाचा, आजीच्या हातांवरच्या सुरकुत्यांचा फोटो काढावासा वाटतो. तिला हसू नका. पण केवळ कौतुकावरही सोडू नका. फोटो कुठे, कोणत्या तारखेला आणि कुणासाठी काढला, हे वहीत लिहायला तिला आजच शिकवा. ज्याचा फोटो काढला त्याला विचारायला शिकवा. आणि शाळेच्या भिंतीवर लावायला तिचा पहिला प्रिंट शाळेनेच, थोडे का होईना पैसे देऊन, विकत घ्या. बेंडरने दहा घेतले होते. आपण एकापासून सुरुवात करू.